माजी सैनिकांच्या निवाऱ्याचा प्रश्न : अमेरिकेचा अनुभव

युद्ध चालू असते तोवर सैनिकाचा जयजयकार होतो. त्यास निरोप देण्यासाठी स्टेशनावर गर्दी लोटते, त्याच्या पराक्रमाची वर्णने वर्तमानपत्रांतून येतात, आणि त्याच्यासाठी निधी गोळा करण्यात शाळांतील मुलेही मागे राहत नाहीत. पुढे तह होतो, पलटणी मोडल्या जातात, आणि अंगावरचा गणवेश उतरवून तो माणूस आपल्या वाटेने निघून जातो. त्यानंतर त्याचे काय होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण वैद्याविषयी असली तरी इतिहास चाळणाऱ्यास ती सैनिकासच अधिक लागू पडलेली दिसेल.

बेळगावकर वाचकांस सैनिक हा काही परका नाही. १९२२ सालापासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी आजोबा, चुलते अथवा वडील बंधू पलटणीत नोकरी केलेले असतील. आपल्याकडील माजी सैनिकास निवृत्तिवेतन मिळते, त्याची गाऱ्हाणी ऐकण्यास जिल्हा सैनिक मंडळे आहेत, जायबंदी झालेल्यांस हुन्नर शिकविणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर १९१७ सालापासूनची आहे. या सर्वांहून मोठा आधार म्हणजे गावाकडचे घर आणि भाऊबंद. त्यामुळे एके काळी देशासाठी लढलेला माणूस रस्त्याच्या कडेला पुठ्ठा अंथरून निजतो, ही कल्पनाच आपणांस चमत्कारिक वाटते. परंतु जगातील सर्वांत धनाढ्य अशा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे चित्र अनेक दशके दिसत आले आहे. ते पालटण्यासाठी तेथील शासनाने काय काय केले, त्यात काय साधले आणि काय फसले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रश्न तसा जुना आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० साली जखमी व वृद्ध सैनिकांसाठी पॅरिस येथे ‘एन्व्हालीद’ हे प्रचंड वसतिगृह उभारण्याची आज्ञा दिली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली चेल्सी येथे तसाच आश्रम स्थापन केला. पण असल्या आश्रमांत मावून मावून माणसे किती मावणार? नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर इंग्लंडात कामधंद्यावाचून भटकणाऱ्या बरखास्त सैनिकांची संख्या वाढली, आणि १८२४ साली तेथील पार्लमेंटने भटकेपणाविरुद्ध कायदा करून उघड्यावर झोपणे हाच गुन्हा ठरविला. एका हाताने आश्रम आणि दुसऱ्या हाताने बेडी, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. ती पुढे अमेरिकेतही दिसेल.

अमेरिकेत यादवी युद्ध संपत आले असता, १८६५ सालच्या मार्च महिन्यात, अध्यक्ष लिंकन यांनी अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रम काढण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या संस्थेच्या मूळ नावात ‘असायलम’ हा शब्द होता. तो निराधारांच्या व वेड्यांच्या संस्थांस लावीत असत. म्हणून १८७३ साली तो काढून त्या जागी ‘होम’, म्हणजे घर, हा शब्द घालण्यात आला. नुसत्या नावाने पोट भरत नाही हे खरे. तथापि आपण दया करीत आहोत की ऋण फेडीत आहोत, हे शब्दावरून कळते, आणि या सर्व प्रश्नाचे मर्म त्या दोहोंतील अंतरातच आहे असे आम्हांस वाटते.

हे अंतर १९३२ साली फार कटू रीतीने जगापुढे आले. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या सैनिकांस १९२४ च्या कायद्याने जादा मोबदला देऊ केला होता. देशात केलेल्या नोकरीबद्दल दिवसाला एक डॉलर आणि समुद्रापलीकडील नोकरीबद्दल सव्वा डॉलर असा त्याचा हिशेब होता. मात्र ही रक्कम रोख मिळावयाची नव्हती. हाती प्रमाणपत्र द्यावयाचे आणि पैसे १९४५ साली चुकते करावयाचे, असे ठरले होते. इतक्यात १९२९ ची महामंदी आली. कारखाने बंद पडले, पेढ्या बुडाल्या, लक्षावधी लोक बेकार झाले. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याने तेरा वर्षांनंतरच्या रकमेचा कागद पेटीत ठेवून काय करावे? १९३२ च्या मे महिन्यात ओरेगन संस्थानातील पोर्टलंड शहरातून वॉल्टर वॉटर्स नावाच्या माजी सार्जंटाच्या नेतृत्वाखाली सुमारे तीनशे माणसे मालगाड्यांतून राजधानीकडे निघाली. वाटेत गावोगावची माणसे मिळत गेली. वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत अनेक दिशांनी येणाऱ्या तुकड्या एकत्र होऊन माजी सैनिकांचीच संख्या सुमारे सतरा हजारांवर गेली. बायकामुले व इतर पाठिराखे धरून तर ती चाळीस हजारांच्या पुढे होती.

ॲनाकॉस्टिया नदीच्या काठावरील सखल मैदानात त्यांनी तळ दिला. जुन्या फळ्या, पत्रे, खोकी, जे मिळेल त्याच्या झोपड्या उभारल्या. परंतु गल्ल्या सरळ आखल्या, शौचकूप खणले आणि शिस्तीचे नियम केले. ज्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या व निग्रोंच्या पलटणी वेगळ्या असत, त्या काळी या तळावर दोघे शेजारी शेजारी राहत होते. शहराचे पोलिसप्रमुख पेलहॅम ग्लासफर्ड हे स्वतः निवृत्त ब्रिगेडियर जनरल होते. त्यांनी या लोकांशी सहानुभूतीने वागून, प्रसंगी पदरचे पैसेही खर्चून, शांतता राखली. १५ जून रोजी प्रतिनिधिगृहाने मोबदला ताबडतोब देण्याचे विधेयक संमत केले, पण दोनच दिवसांनी सिनेटने ते ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळले. कित्येक निराश होऊन परत गेले. परत जावयास ज्यांना घरच नव्हते ते तेथेच राहिले.

२८ जुलै रोजी सरकारी इमारतींतून त्यांना हुसकावताना चकमक झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघे माजी सैनिक प्राणास मुकले. अध्यक्ष हूव्हर यांनी लष्करास पाचारण केले. सेनाध्यक्ष मॅकार्थर यांच्या हुकमतीखाली पायदळ, घोडदळ व रणगाडे राजधानीच्या रस्त्यांवर आले. घोडदळात मेजर पॅटन होते आणि मॅकार्थरांच्या हाताखाली मेजर आयझेनहॉवर होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात जी नावे जगभर गाजली त्यांनी त्या दिवशी आपल्याच जुन्या सोबत्यांवर चाल केली, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! अश्रुधूर सोडण्यात आला, संगिनी रोखण्यात आल्या, आणि रात्री नदीकाठच्या झोपड्या जळून खाक झाल्या. नोव्हेंबरात हूव्हर निवडणूक हरले. त्याचे मुख्य कारण मंदी हे असले तरी त्या आगीची छायाचित्रे मतदारांनी पाहिली होती, हे विसरून चालणार नाही.

नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली पुन्हा आलेल्या सैनिकांस तळ, भोजन व कामे दिली, पण रोख मोबदल्यास त्यांचाही विरोधच होता. यांपैकी काही जणांस फ्लोरिडाच्या बेटांवर रस्ता बांधण्याच्या कामावर धाडण्यात आले होते. तेथे २ सप्टेंबर १९३५ रोजी भयंकर चक्रीवादळ होऊन अडीचशेहून अधिक माजी सैनिक बुडाले. अखेर १९३६ च्या जानेवारीत काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून मोबदला देऊन टाकला.

हा धडा वाया गेला नाही. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, २२ जून १९४४ रोजी, ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा झाला. सैनिक परत येऊन मोर्चा काढीपर्यंत थांबावयाचे नाही, तो येण्यापूर्वीच त्याची सोय करून ठेवावयाची, ही या कायद्यामागील दृष्टी होती. शिक्षणाचा खर्च, बेकारीत आठवड्याला २० डॉलर याप्रमाणे बावन्न आठवड्यांपर्यंत निर्वाहभत्ता आणि घरासाठी काढलेल्या कर्जास सरकारी हमी, असे तिहेरी साहाय्य त्यात होते. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लक्ष माजी सैनिकांनी शिक्षण अथवा प्रशिक्षण घेतले, तर १९५५ पर्यंत ४३ लक्ष गृहकर्जे दिली गेली. अमेरिकेचा आजचा मध्यमवर्ग बऱ्याच अंशी या एका कायद्याने घडविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण कायद्याचा कागद एक आणि अंमलबजावणीचा हात दुसरा. कर्ज द्यावयाचे की नाही हे स्थानिक पेढ्यांच्या मर्जीवर होते, आणि दक्षिणेकडील पेढ्या निग्रो सैनिकांस उभे करीत नसत. मिसिसिपी संस्थानात १९४७ साली घर, धंदा व शेती यांसाठी हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी अवघी दोन निग्रो सैनिकांच्या वाट्यास आली होती. ज्याला त्या वेळी घर मिळाले त्याच्या मुलांस ते वारशाने लाभले. ज्याला मिळाले नाही त्याची मुलेही भाड्याच्या खोलीतच वाढली. आजही अमेरिकेतील बेघर माजी सैनिकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त आढळते, याची मुळे अशा जुन्या नोंदवह्यांतही आहेत.

व्हिएतनामच्या युद्धानंतर प्रश्नाने निराळे रूप घेतले. त्या युद्धाविषयी देशातच मतभेद असल्यामुळे परतलेल्या सैनिकाचे स्वागत थंडपणे झाले. पुष्कळांच्या मनावर युद्धाचा आघात झाला होता, काहींस व्यसने जडली होती. याच सुमारास मोठमोठ्या शहरांतून एकेका खोलीची स्वस्त भाड्याची वसतिगृहे पाडून तेथे कचेऱ्या व महाग इमले उभे राहत होते. मनोरुग्णालयेही रिकामी करण्यात आली होती, पण त्यांच्या जागी उपचाराची दुसरी पुरेशी व्यवस्था झाली नव्हती. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. माणूस बेघर होतो तो केवळ व्यसनाने वा वेडाने नव्हे. व्यसनी व मनोरुग्ण माणसे श्रीमंतांतही असतात, पण ती रस्त्यावर येत नाहीत. दुबळा माणूस आणि महाग घर यांची गाठ पडते तेव्हाच हा प्रसंग ओढवतो. १९८७ साली मॅकिनी कायद्याने बेघरांच्या साहाय्यासाठी संघराज्याने प्रथमच व्यापक तरतूद केली. परंतु तिचा बराचसा रोख रात्रीच्या निवाऱ्यावर व तात्पुरत्या सोयीवर होता.

त्या काळची विचारसरणी पायऱ्यांची होती. आधी दारू सोडा, मग सामुदायिक निवाऱ्यात या, तेथे शिस्तीने राहिलात तर तात्पुरती खोली, आणि सर्व परीक्षांत उतरलात तर शेवटी घर. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. शाळेतही आपण खालच्या इयत्तेत उत्तीर्ण झाल्यावाचून वर जात नाही. पण ज्याला रात्री कोठे निजावे याची भ्रांत आहे, ज्याची औषधे फुटपाथवरून चोरीस जातात, त्याने आधी बरे व्हावे आणि मग छप्पर मागावे, हे म्हणणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय. १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट प्रयोग मांडला. रस्त्यावरील मनोरुग्णास आधी कायमचे घर द्यावयाचे, अट घालावयाची ती सामान्य भाडेकऱ्याचीच, आणि उपचार त्याच्या दारी न्यावयाचे. पाच वर्षांनी पाहता अशा शंभर माणसांपैकी ८८ जण घरात टिकून होते. पायऱ्यांच्या पद्धतीत हेच प्रमाण ४७ भरले. ‘आधी घर’ या नावाने हे तत्त्व पुढे प्रसिद्धीस आले.

माजी सैनिकांसाठी या तत्त्वास अनुरूप अशी यंत्रणा त्याच वर्षी लहान प्रमाणावर सुरू झाली होती, आणि २००८ पासून काँग्रेसने तीस मोठा पैसा दिला. तिची घडण समजून घेण्यासारखी आहे. गृहनिर्माण खात्याकडून सैनिकास घरभाड्याचे व्हाउचर मिळते. त्याने बाजारात खाजगी मालकाचे घर शोधावयाचे. आपल्या उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के भाडे त्याने स्वतः भरावयाचे आणि उरलेले सरकारने. दुसऱ्या बाजूने माजी सैनिक खात्याचा एक समाजसेवक त्याच्या मागे उभा असतो. तो घरमालकाशी बोलतो, दवाखान्याची वेळ ठरवितो, कागदपत्रे जमवितो, बिऱ्हाड मोडण्याची वेळ आली तर आधीच धाव घेतो. नुसते व्हाउचर दिले तर तो माणूस एकटा पडतो. नुसता समाजसेवक दिला तर तो बिचारा सल्ल्याखेरीज काय देणार? दोन खाती एकत्र बांधली, यातच या योजनेचे यश आहे, असे आमचे मत झाले आहे. अशी एक लाखाहून अधिक व्हाउचरे आजवर वाटली गेली आहेत. जे अद्याप बेघर झालेले नाहीत, पण भाडे थकल्यामुळे होण्याच्या बेतात आहेत, त्यांच्या कुटुंबांस वेळीच साहाय्य करणारी दुसरी योजना २०११ पासून चालू झाली.

२००९ साली माजी सैनिक खात्याचे मंत्री जनरल शिन्सेकी यांनी पाच वर्षांत हा प्रश्न निकालात काढण्याचा संकल्प जाहीर केला. संकल्प मुदतीत पुरा झाला नाही. पण आकडे पाहा. तेथे दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस एका रात्री स्वयंसेवक कंदील घेऊन रस्ते, पूल व निवारे पालथे घालतात आणि बेघरांची शिरगणती करतात. २०१० च्या गणतीत ७४,०८७ माजी सैनिक बेघर आढळले. २०२४ मध्ये ही संख्या ३२,८८२ वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी झाली. याच २०२४ च्या गणतीत देशातील एकूण बेघरांची संख्या मात्र ७,७१,४८० इतकी भरली आणि ती आदल्या वर्षापेक्षा १८ टक्क्यांनी वाढलेली होती. एकाच देशात, एकाच रात्री, एका वर्गाची संख्या घटावी आणि बाकीच्यांची फुगावी, हे कशाचे लक्षण? सैनिकांसाठी पैसा होता, जबाबदार खाते होते, आणि दोन्ही पक्षांचे एकमत होते. इतरांसाठी यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. म्हणजे उपाय माहीत नव्हता असे नाही.

शहरागणिक फरकही पडला. न्यू ऑर्लिन्स येथे २०१४ या एका वर्षात २२७ माजी सैनिकांस घरे देण्यात आली आणि २०१५ च्या जानेवारीत आपल्याकडील हा प्रश्न संपला असे त्या शहराने जाहीर केले. नंतर कोणी बेघर झालाच नाही असा याचा अर्थ नव्हे. जो होईल त्यास थोड्याच दिवसांत घर मिळेल इतकी व्यवस्था जागेवर आहे, एवढाच तो अर्थ. तेथे आकड्यांऐवजी नावांची यादी ठेवली गेली होती. अमुक इतके बेघर आहेत असे म्हणण्यापेक्षा अमुक माणूस अमुक पुलाखाली आहे असे म्हटले की काम कोणाकडे सोपवावयाचे ते ठरविता येते.

गणती करतानाचीही एक मौज आहे. ‘आपण माजी सैनिक आहात काय?’ असे विचारले तर पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, नाही म्हणतात. प्रत्यक्ष रणांगणावर गेलो नाही म्हणजे ते नाव आपणांस शोभत नाही, असे त्यांस वाटते. म्हणून आता ‘आपण कधी सैन्यात नोकरी केली होती काय?’ असा प्रश्न विचारण्याची शिफारस केली जाते.

नियमांच्या गाठीही थोड्या नाहीत. गैरवर्तनामुळे सन्मानाशिवाय सेवामुक्त केलेल्यांस या व्हाउचराचा लाभ मिळत नसे, आणि ते गैरवर्तन कित्येकदा युद्धाने बिघडलेल्या मनाचेच फळ असे. २०२१ च्या जानेवारीत कायदा बदलून त्यांपैकी बहुतेकांस दार उघडण्यात आले. दुसरी गाठ अधिक विचित्र होती. सैनिकास अपंगत्वाबद्दल जो मासिक भत्ता मिळे तो त्याचे उत्पन्न म्हणून धरला जाई. त्यामुळे ज्याचे अपंगत्व अधिक त्याचे ‘उत्पन्न’ अधिक, आणि उत्पन्न मर्यादेबाहेर गेले म्हणून त्यास घर नाही! एक पाय गमावलेल्यास घर मिळावे आणि दोन्ही गमावलेल्यास नाकारावे, असा हा न्याय होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गृहनिर्माण खात्याने पात्रता ठरविताना हा भत्ता वगळण्याचा नियम केला.

‘आधी घर’ या तत्त्वाविषयीही वाद मिटलेला नाही. घर दिल्याने व्यसन सुटत नाही, असा विरोधकांचा आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. घरात टिकणे आणि व्यसनमुक्त होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि पहिलीत या पद्धतीचे यश जितके स्पष्ट आहे तितके दुसरीत नाही. २०२५ च्या जुलैत अध्यक्ष ट्रम्प यांनी या तत्त्वास मिळणारा संघराज्याचा पाठिंबा काढून घेण्याचा आदेश दिला. तथापि रस्त्यावर ठेवल्याने व्यसन सुटते, असेही अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

सर्वांत बिकट स्थिती लॉस एंजेलिसची आहे. तेथे १८८८ साली अर्केडिया डी बेकर नावाच्या दानशूर बाईंनी व सिनेटर जोन्स यांनी अपंग सैनिकांच्या आश्रमासाठी विस्तीर्ण जमीन दान केली. अनेक वर्षे तेथे हजारो सैनिक राहत होते. पुढे आश्रम बंद पडला, आणि त्या अत्यंत मोलाच्या जमिनीचे तुकडे भाड्याने जाऊ लागले. एका विद्यापीठाचे बेसबॉलचे मैदान, एका खाजगी शाळेची क्रीडांगणे तेथे झाली, आणि ज्यांच्या नावे ती दिली होती ते माजी सैनिक कुंपणाबाहेरच्या पदपथावर तंबू ठोकून राहू लागले. २०११ साली त्यांच्या वतीने दावा दाखल झाला. २०१५ च्या तडजोडीत बाराशे घरांचे नियोजन झाले, पण बांधकाम फार रेंगाळले. म्हणून पुन्हा दावा झाला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात संघीय न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी ते भाडेपट्टे बेकायदा ठरवून जमिनीवर घरे बांधण्याचा हुकूम दिला. सरकारने त्यावर अपील केले. त्यानंतर २०२५ च्या मे महिन्यात अध्यक्षांच्या आदेशाने याच जागी २०२८ पर्यंत सहा हजार माजी सैनिकांची सोय करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. मूळ दानपत्र झाल्याला तोवर १३७ वर्षे होऊन गेली होती.